कुंभाराचा आवा
(शताब्दी सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)





कमिटीनं मला सांगितलं, संतांच्या चरित्रावर बोला. रात्री कीर्तन आहेच, तिथं अभंग घेऊन उभा राहीन. आत्ता अभंग नाही, चाल नाही. आत्ता मी माती, जाळ अन् हवा यांवर बोलणार आहे. गोरोबाकाका अन् राका कुंभार, या दोघांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण कुंभाराचा आवा पेटताना रात्रभर जवळ बसून किती जणांनी पाहिला? हात वर करा म्हटलं तर चार म्हातारे हात वर करतील. ज्यानं आवा पाहिला नाही त्याला या कथा अर्ध्याच कळतात, असं मला वाटते. अन् आवा आता का काढला, त्याला गावातलंही एक कारण आहे. ते पुढं येईल.

आधी काकांची कथा, थोडक्यात. तेरला काकांच्या घरी संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे पाहून विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळते. मग मुक्ताबाई म्हणाल्या, आम्हीही मडकीच आहो, आम्हाला पाहा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप बसले. नामदेवरायांना मात्र ते सहन झालं नाही, आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं. पुढं नामदेवराय औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, ते सगळं तुम्हाला पाठ आहे.

आता कुंभाराच्या अंगानं पाहा. थापटणं हे ओल्या मडक्याचं हत्यार. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटणं मारायचं अन् मडक्याचं पोट वाढवत न्यायचं. भाजलेल्या मडक्यावर कोणी थापटणं जोरानं मारत नाही, मारलं तर खापऱ्या होतील. तिथं बोटाचं पेर वाजवतात. म्हणून काका फार हलक्या हातानं मारत असले पाहिजेत, हे आपलं माझं मत. अन् दुसरी गोष्ट, काकांनी डोळ्यानं का पाहिलं नाही? रंग पाहून का सांगितलं नाही? कारण रंग फसवतो. वरून लालबुंद दिसणारं मडकं फोडून पाहा, कित्येकदा खापरीच्या मधोमध काळी रेघ असते. बाहेरून भाजलं, आत जाळ पोचला पण हवा पोचली नाही. कान मात्र फसत नाही. पुरतं भाजलेलं मडकं खणखण वाजते. कच्चं किंवा तडकलेलं भद्द आवाज देते. बाजारात माठ घेताना आपली माय वाजवूनच घेत होती की नाही?

मग कच्चं म्हणजे काय, पक्कं म्हणजे काय? वाळलेलं मडकं दिसायला पक्कंच दिसते. हातात घ्या, कडक आहे. पण त्यात पाणी भरा, घटकाभरानं पुन्हा चिखल. कारण मातीत दोन पाणी असतात. एक वरचं, म्हणजे ओलावा, तो सावलीत अन् उन्हात जातो, उरलेला आव्यात १०० अंशापर्यंत जातो. दुसरं पाणी मातीच्या कणातच बांधलेलं असते. ते उन्हानं जात नाही, वाऱ्यानं जात नाही. ते सोडवायला साधारण ४५० ते ६०० अंशाची आच लागते. ते पाणी एकदा सुटलं की ती माती पुन्हा माती होत नाही. वर्षभर नदीत ठेवा, चिखल होणार नाही. फुटेल, पण विरघळणार नाही. खैरवाडा आपल्याच वर्धा जिल्ह्यातला. तिथल्या दगडी वर्तुळांखाली अडीच हजार वर्षांच्या आसपासची खापरं निघाली. माणसाची हाडं झिजली, लोखंड गंजलं, पण खापर अजून खापर आहे.

अन् त्या खापरांची गंमत सांगतो. विदर्भात अशा जागी जी भांडी निघाली त्यांतली पुष्कळ आतून अन् काठाला काळी, बाहेरून खाली लाल आहेत. एकच भांडं, एकच माती, दोन रंग. जाणकार सांगतात, भांडं पालथं घालून भाजलं म्हणजे असं होते. तोंड राखेत अन् भुशात रुतलेलं, तिथं हवा नाही, तिथं धूर मातीत मुरला, काळं झालं. बाहेरच्या अंगाला हवा खेळली, मातीतल्या लोखंडानं ती घेतली, लाल झालं. विळा पावसात राहिला तर तांबडा होतो ना, तसाच तो रंग. तेव्हाच्या कुंभाराला लिहिता येत नसेल, पण हवा कुठं द्यायची अन् कुठं अडवायची हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता आवा कसा रचतात ते सांगतो. मी कुंभार नाही, शेतकरी आहे. पण आमच्या गावच्या कुंभारबाबांच्या आव्यावर मी पुष्कळ रात्री बसलो आहे. कीर्तनाहून येताना वाटेत त्यांचा आवा लागे. ते एकदा म्हणाले, "महाराज, जाळ तं कोणीबी लावते. मले हवा राखता येते, म्हणून मी कुंभार." हे मी कधी विसरलो नाही.

जागा उंचवट्याची, पाणी न मुरणारी. खाली राखेचा थर, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही. त्यावर गोवऱ्या, पण आडव्या दडपून नाही, उभ्या, मधून हवा जाईल अशा. कडेपासून मधापर्यंत चार-पाच वाटा सोडायच्या. मग मडकी. मोठी अन् जाड मधात, लहान कडेनं, फटीत पणत्या अन् झाकण्या. मडक्याला मडकं घट्ट टेकू द्यायचं नाही, अन् तोंडं अशी फिरवायची की आतही ऊब जाईल. दर थराला थोडं जळण. वरून फुटक्या खापऱ्यांचं पांघरूण, त्यावर कुटार किंवा गवत, त्यावर ओल्या मातीचा अन् राखेचा लेप. वर चार झरोके ठेवायचे, कडेला खाली वाटांची तोंडं. झालं. आता हे एक मोठं श्वास घेणारं ढोर आहे असं समजा. खालून श्वास घेते, वरून सोडते. तोंडं किती उघडी ठेवायची, एवढंच कुंभाराच्या हातात राहते.

माझ्या मायबहिणींना हे वेगळं सांगायला नको. चूल पेटत नाही तेव्हा तुम्ही काय करता? लाकूड वाढवता का? नाही. फुंकणी घेता. लाकूड तेच, चूल तीच, फक्त हवा दिली अन् भडका झाला. भाकर करपायला लागली की लाकूड मागं ओढता. आव्यात लाकूड मागं ओढता येत नाही. तिथं फक्त हवा मागं ओढता येते, म्हणजे झरोका बुजवायचा.

आवा दिवस मावळता लावतात. त्याला दोन कारणं. दुपारच्या वावटळी तोवर पडलेल्या असतात, अन् अंधारात आतला रंग दिसतो. पहिला पहर सगळ्यात धोक्याचा. तेव्हा जाळ नको, नुसती धग हवी. मडकं वाळलं असलं तरी आत ओल असतेच. एक पेला पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे १,७०० पेल्यांची जागा मागते. हळू तापवलं तर ती वाफ मातीच्या बारीक छिद्रांतून निघून जाते. घाई केली तर ती वाट काढते, अन् मडक्याचा पापुद्रा उडतो. मध्यरात्री आव्यातून फटाक्यासारखा आवाज आला की समजायचं, कोणाच्या तरी घरचा रांजण गेला.

ओल गेली की नाही हे कसं ओळखायचं? कुंभारबाबा थंड विळा घेऊन वरच्या झरोक्यावर क्षणभर धरत. पात्याला घाम आला तर अजून पाणी निघून राहिलं, थांबा. पातं कोरडं राहिलं तर खालची तोंडं उघडा. साधी युक्ती आहे, पण याहून चांगलं यंत्र मी पाहिलं नाही.

तिथून पुढं धूर वाचायचा. पहिला धूर पांढरा, जड, तो वाफेचा. मग काळा-पिवळा धूर. तो जळणातून निघाला पण जळायला हवा मिळाली नाही असा. तो धूर म्हणजे वाया चाललेलं जळण. तेव्हा हवा वाढवायची. हवा जुळली की धूर जवळजवळ दिसेनासा होतो अन् वर नुसती हवा थरथरते. मग झरोक्यातून आत पाहायचं. अंधारात मंद तांबूस दिसलं म्हणजे ६०० अंशाच्या आसपास, लखलखीत लाल झालं म्हणजे ७५०-८००, नारिंगी झालं की ९०० च्या घरात. आपल्या उघड्या आव्यात ७०० ते ९०० एवढंच होते, अन् माठाला तेवढंच पाहिजे. जास्त भाजला तर माती बंद होते, माठ पाझरत नाही अन् पाणी थंड होत नाही. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो. पाझरणारा माठ नसला तर त्या उन्हात वारकऱ्याचं काय होईल?

पण हवा जास्त झाली तरी आवा बिघडतो, हे पुष्कळांना कळत नाही. थंड हवा जास्त शिरली तर ती आधी तापावी लागते, म्हणजे ती आव्याचीच ऊब खाते. वाऱ्याच्या अंगाला जळण भराभर संपते, मडकी चटकन तापतात अन् तडकतात. पलीकडच्या अंगाला कच्ची राहतात. म्हणून वारा सुटला की वाऱ्याकडचं तोंड आधी बुजवायचं अन् पलीकडचं उघडायचं. शेवटी मडकी सारखी लाल झाली की सगळी तोंडं हळूहळू बंद. काळी भांडी हवी असली तर इथंच ओलसर कुटार टाकून घट्ट लिंपायचं, धूर आत कोंडतो, मडकी काळी. लाल हवी असली तर थोडी हवा चालू ठेवायची.

अन् मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यांना जड जाते. गिऱ्हाईक दारात, बाजार उद्याचा, अन् आवा अजून कोमट. पण मातीत वाळू असते, अन् वाळूचा कण ५७३ अंशाला अचानक आपलं माप बदलतो. चढताना फुगतो, उतरताना आकसतो. तिथून खाली येताना आवा उघडला, थंड हवा लागली, की मडक्याला केसासारखी चीर जाते. दिसत नाही. घरी पाणी भरल्यावर कळते. निदान दीड-दोन दिवस आव्याला हात लावायचा नाही.

आता राका कुंभाराची कथा ऐका. महिपतीबुवांनी भक्तविजयात ती सांगितली, तो ग्रंथ १७६२ सालचा. पंढरपुरात राका कुंभार. कच्च्या मडक्यात मांजरीनं पिलं घातली, राकाला माहीत नाही. आवा रचला, पेटवला. मांजर आव्याभोवती ओरडत फिरायला लागली तेव्हा त्याला कळलं. विझवावं कसं? पेटलेला आवा विझवता येत नाही, पाणी टाकलं तर वाफेनं सगळंच जाईल. त्यानं पांडुरंगाचा धावा केला, पिलं वाचली तर संसार सोडीन म्हणाला. आवा निवला तेव्हा एक मडकं कच्चं होतं अन् त्यात पिलं जिवंत. राकानं बोलल्याप्रमाणे घर लुटवलं.

मी चमत्कार उलगडायला उभा नाही, पिलं कोणी वाचवली हे राकाला माहीत होतं. पण कुंभारबाबा ही कथा ऐकताना एका जागी नेहमी मान डोलवत. "मडकं कच्चं होतं" तिथं. ते म्हणत, दर आव्यात एकतरी मडकं कच्चं राहतेच, जिथं जाळही पोचत नाही अन् हवाही पोचत नाही. इतर कुंभार त्याला शिवी देऊन फेकतात. राकानं त्याच कच्च्या मडक्यापायी संसार सोडला. मला तरी यात नुसत्या पिलांची गोष्ट दिसत नाही. आपल्या दिंडीतही शंभर वर्षांत किती कच्ची मडकी चालली असतील! कोणी चालता चालता भाजले, कोणी नाही. चालायचं कोणालाच नाही म्हटलं नाही.

आता गावाचं कारण. मागच्या वर्षी कुंभारबाबांच्या पोराच्या आव्याविरुद्ध अर्ज गेला. बारा सह्या, त्यांत निम्म्या माळकऱ्यांच्या. धूर होतो, म्हाताऱ्यांना खोकला होतो, पोरं रडतात. आवा बंद करायला सांगितलं. ती माणसं खोटं बोलत नाहीत, धूर होतोच. ज्याच्या घरात दमेकरी आहे त्यानं काय करावं? पण पूर्वी आवा गावाबाहेर होता. गाव वाढत आव्यापाशी आलं. अन् आवा बंद झाल्यापासून आपली दिंडी मुक्कामाला पाणी कशात देते? प्लास्टिकच्या ग्लासात. मुक्काम उठला की मागं ते पांढरं शेत दिसते. ते कोण वेचते, हे मागून येणाऱ्या दिंडीला विचारा.

धुराचं मूळ पाहिलं तर ओलं जळण अन् कमी हवा. गेली दोन-तीन वर्षं पोरगा मिळेल ते जाळून राहिला होता. पावसात भिजलेल्या गोवऱ्या, भिजलेलं कुटार, अन् कोणीतरी आणून टाकलेलं टायर अन् चपला. टायर-प्लास्टिक आव्यात कधीच नको, तो धूर विषारी. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "काका, जळण कुठून आणू? गोवऱ्या विकत, लाकूड विकत, अन् माठ मागता दहा वर्षांमागच्या भावानं." खरं आहे.

अन् आपण काय करतो? कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटतो अन् धुऱ्यावर पेटवून देतो. माझ्या एका एकराची पऱ्हाटी दोन बंड्या भरते. ती वावरात किंवा धुऱ्यावर तशीच ठेवली तर गुलाबी बोंडअळी तिच्यात राहते, म्हणून कृषीवाले हंगाम संपताच काढा म्हणतात. आपण जाळतो वावरात, अन् आव्याला जळण नाही. तुरीचं तसंच, तुराट्या बांधावर सडतात.

दुसरी गोष्ट भट्टीची. यात आपला जिल्हा मागं नव्हता. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकारानं ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं वर्ध्यात मगनवाडीला, अन् कुमारप्पाजी त्याचं काम पाहत. ३० डिसेंबर १९३८ ला मगन संग्रहालय उघडलं. मगनवाडीत बिनधुराच्या चुलीवर काम झालं, ती मगन चूल म्हणून ओळखली गेली. धुराड्यानं धूर बाहेर ओढायचा अन् त्याच ओढीनं ताजी हवा आत घ्यायची, हा तिचा गाभा. पुढं शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा करून कुंभारकामाचं शिक्षण दिलं.

भट्टी म्हणजे काय? विटांची गोल किंवा चौकोनी खोली. जाळ बाहेरच्या तोंडात, मडक्याला लाकूड शिवत नाही. साध्या भट्टीत जाळ खालच्या जाळीतून वर चढतो अन् वरून निघून जातो. खालची मडकी जास्त भाजतात, वरची कमी, अन् पुष्कळ ऊब आभाळात. दुसऱ्या प्रकारात वर घुमट बंद असतो. जाळ भिंतीनं वर जातो, घुमटाला लागून परत मडक्यांतून खाली उतरतो अन् तळातल्या भोकांतून धुराड्यात जातो. वाट लांब झाली, ऊब मडक्यांना मिळाली. खाली ओढतो कोण? धुराडं. त्यातली तापलेली हवा हलकी होऊन वर पळते अन् आतलं मागं ओढते. धुराडं उंच तितकी ओढ जास्त. मधात एक लोखंडी पत्रा सरकवायचा, म्हणजे ओढ कमी-जास्त करता येते. पत्रा, जाळाचं तोंड अन् डोळा, या तिघांवर भट्टी चालते. वारा कुठूनही सुटो, भिंत अडवते. जळण कमी लागते, धूर वर जातो. पण विटा, धुराडं अन् गवंडी याला पैसा लागतो, ते एकट्या पोराचं काम नाही.

जागेचंही पाहिलं. आव्याच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर, हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडून-ईशान्येकडून येतो, उन्हाळ्यात पश्चिमेकडून. दोन्ही वेळा गावाच्या दक्षिणेला आवा असला तर धूर गावावर येत नाही. दक्षिणेला नाल्यापलीकडे माझ्या वावराचा मुरमाड कोपरा आहे, तिथं पऱ्हाटीही धड होत नाही. त्यातली जागा मी भट्टीला देतो, मुलांशी बोलून झालं आहे. सह्या करणाऱ्यांपैकी चौघं काल येऊन जागा पाहून गेले, त्यांना पसंत आहे.

राहिलं विटांचं. शताब्दीच्या स्मरणार्थ कमानीसाठी वर्गणी जमली आहे. कमान नको असं मी म्हणत नाही. त्यातला काही वाटा भट्टीला द्यावा की नाही, ते काल्याच्या दिवशी प्रसादानंतर बसून ठरवू, सगळ्यांनी थांबावं. पोरगा म्हणतो, भट्टी झाली तर पुढच्या आषाढीला दिंडीचे माठ अन् पाण्याची गाडगी तो जळणाच्या बदल्यात देईल, पैसे घेणार नाही. म्हणून यंदा पऱ्हाटी पेटवू नका. जुड्या बांधा, आठ दिवस उन्हात उभ्या ठेवा, अन् कडकड मोडायला लागल्या की नाल्यापलीकडे आणून टाका. ओली आणू नका, मी परत पाठवीन.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!